डावा कोपरा

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मैदानात काही घडलं की हजार माणसं ओरडतात, "झालं!" आणि मी एकटी म्हणते, "थांबा, बघू." टीव्हीवर सामना बघताना एखादी चढाई संपते आणि लगेच तीच चढाई हळूहळू परत दिसते ना, ती दाखवणारं माणूस कुठेतरी मागे गाडीत कोंबलेलं असतं. ते माणूस म्हणजे मी, संध्या. बारा वर्षं मुंबईत रिप्ले चालवला. आईचे गुडघे गेले म्हणून नंदुरबारला परत आले, आणि आता धर्मेंद्रभाऊंच्या केबल वाहिनीसाठी तेच करते. फक्त तिकडे एसी होता, इकडे टेम्पो आहे.

फेब्रुवारीत तळोद्याला मुलींची कबड्डी स्पर्धा होती. दोन दिवस, सगळे सामने उजेडात. शाळेच्या मैदानावर भाड्याची मॅट अंथरली होती, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या गॅलऱ्या, उत्तरेला सातपुडा. मोलगीकडून जीपगाड्या टपावर माणसं घेऊन उतरत होत्या. आमचा टेम्पो स्टेजच्या मागे, भिंतीला चिकटून उभा. भिंतीपलीकडे पपईच्या गाड्या भरत होत्या, त्यामुळे दोन दिवस माझ्या नाकात पपईच्या चिकाचा वास बसला होता.

धर्मेंद्रभाऊ सकाळपासून अभिमानाने फुगलेले. "ताई, यंदा आपलाकडे तिसरा पंच शे. मोठ्ठा टीव्हीवर दखाडतस तसं! आनि हाई मशीन देख, इंदूरथीन आनेल शे. लोनीसारखं चालस."

"जुनं आहे ना?" मी विचारलं.

"जुनं ते सोनं, ताई!"

सोनं वापरलेलं असलं की मी दोनदा घासून बघते. यंत्र बरं होतं तसं. त्यात एक बटण होतं, ते समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्या बटणावर आहे. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. ती चौपट हळू दाखवायची म्हटली की चित्रं कमी पडतात आणि खेळाडू धक्के खात चालल्यासारखे दिसतात. हे बटण दाबलं की यंत्र शेजारशेजारची दोन चित्रं बघतं आणि मधली तीन स्वतःच्या मनाने काढून भरतं. आम्ही त्याला भरण म्हणतो. दिसायला फार देखणं दिसतं. पण ती मधली चित्रं कुठल्याच कॅमेऱ्याने घेतलेली नसतात. म्हणून माझ्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, शोभेला भरण चालू, निवाड्याला भरण बंद. बारा वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता.

कॅमेरे दोनच. कुंदन मैदानाच्या पश्चिमेला लोखंडी मचाणावर, सगळं मैदान घेऊन. चिंचपाड्याचा जोएल पूर्वेला मॅटच्या कडेशी, खांद्यावर कॅमेरा घेऊन. जोएल चांगला मुलगा. त्याच्या हाताला अंदाज आहे, चढाई कुठे वळणार ते त्याला आधी कळतं.

पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत टेम्पोच्या दारात एक पिवळी जर्सी येऊन उभी राहिली. सतरा-अठराची मुलगी, गुडघ्याला खरचटलेलं, जर्सीच्या पोटात बोरं गुंडाळलेली.

"टीव्हीवाल्या ताई, मी रविना. मोलगीच्या टीमची. माझी पकड झाली ना, ती लावा ना. हळू लावा."

"हे काय सिनेमागृह आहे?"

"बोरं देते," ती म्हणाली, आणि आत येऊन बसलीसुद्धा.

आता अशा पोरीला काय म्हणायचं! मी लावली. ती बोर चोखत, डोळे बारीक करून बघत होती. एकेक चूक तिने स्वतःच सांगितली. कुठे वजन चुकलं, कुठे उगाच मागे पाहिलं. आपल्याच फजितीकडे इतकं शांतपणे बघणारं माणूस मी मुंबईतही कमी पाहिलं आहे.

मग बिया कागदात गुंडाळता गुंडाळता तिने सांगितलं. बाहेरच्या एका निवासी क्रीडाशाळेच्या मॅडम सामने बघायला आल्या होत्या. जिंकणाऱ्या संघातली एक मुलगी नेणार, एकच. राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिकडे. तिची आई रूपलीबाई बारडोलीकडे ऊसतोडीला होती, लेकीचा खेळ बघायला दोन दिवस आली होती, सोमवारी परत जाणार होती.

"मॅडमनी नेलं तर नेलं. नाही तर मी पण आईबरोबर ऊसतोडीच्या टेम्पोत," रविना म्हणाली. "मागच्या वर्षी गेले होते. पाच महिने. एकदा पण खेळले नाही, ताई. हात असे झाले होते." तिने तळवे दाखवले. अजून खुणा होत्या.

मला लेकरूबाळ नाही, उगाच कुणात जीव अडकवायची सवयही नाही. पण ही पोरगी जिंकावी असं मला त्या क्षणी फार वाटलं. लपवून काय उपयोग?

तिनेच मग स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, ही कोण?"

समोरच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यात, कोपऱ्यातल्या मुलीच्या पलीकडे, तिचा हात धरून आणखी एक मुलगी उभी होती. त्यांच्याच लाल जर्सीत. आमच्याकडे पाठ करून.

"ही नव्हती," रविना म्हणाली. "मी मोजूनच आत जाते. सात होत्या."

मी मोजल्या. आठ.

"यंत्राची गंमत आहे," मी म्हटलं. "मधली चित्रं ते मनाने काढतं. जा तू, जेव."

"उभी बघा कशी आहे, पाठ करून! हिला हात लावणं किती सोपं," ती हसली आणि उडी मारून गेली.

ती गेल्यावर मी भरण बंद करून तोच तुकडा लावला. सात. भरण चालू केलं, आठ. बंद, सात. एकेक चित्र पुढे सरकवलं. कॅमेऱ्याच्या चित्रात ती जागा रिकामी, निळी मॅट. पुढच्या मधल्या तीन चित्रांत ती मुलगी. पुन्हा कॅमेऱ्याचं चित्र, पुन्हा मॅट.

यंत्र चुकतं, मला मान्य आहे. हाताला सहा बोटं काढतं, चेंडू पुसून टाकतं. पण ते चुकतं ते दोन्ही बाजूंचं बघूनच. जे अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, ते मध्ये आणणार कुठून? मी ठरवलं की यंत्राच्या पोटात आधीच्या मालकाचं काहीतरी चित्रण राहिलं असेल. संध्याकाळी सगळं पुसून, यंत्र कोरं करूनच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिला सामना. दोन्ही संघ वेगळे. तिसऱ्याच मिनिटाला मी एक चढाई हळू करून दाखवली आणि माझा हात यंत्राच्या चित्र पुढेमागे फिरवायच्या चाकावरच थांबला.

डावा कोपरा. कोपऱ्यातल्या मुलीचा हात धरून. आज जर्सी हिरवी होती.

"संध्याताई, रिप्ले काब्र थांबना?" कानाच्या हेडफोनमधून धर्मेंद्रभाऊ ओरडले.

मी तुकडा पुढे नेला. मैदानात लावलेल्या मोठ्या पडद्यावर दीड हजार माणसांनी तो पाहिला. कुणी हूं की चूं केलं नाही. माणसं खेळाडू बघतात, खेळाडू मोजत कुणी नाही.

आता माझं डोकं फिरलं. जुनं चित्रण असतं तर जर्सी बदलली नसती. म्हणजे हे कुणीतरी करतंय. कोण? माझ्यापर्यंत चित्र येतं ते दोन वायरींतून, आणि त्यातली एक जोएलच्या खांद्यावरून येते. मी त्याची सकाळची सगळी चित्रं ओळीने बघितली आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. जोएल प्रत्येक वेळी डाव्या कोपऱ्याच्या बाहेर एका माणसाची जागा मोकळी सोडत होता. उजवीकडे खेळाडूंची कोपरं कापली जात होती, आणि डावीकडे नुसती रिकामी मॅट.

सुट्टीत त्याला टेम्पोमागे गाठलं.

"काय रे, डावीकडे एवढी जागा कुणासाठी सोडतोस?"

"नाही सोडली तर ती कापली जाते ना, ताई," तो सहज बोलून गेला.

"कोण कापली जाते?"

जोएल माझ्याकडे बघत राहिला. मग खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे. "कोण म्हणजे…" तो म्हणाला. "माहीत नाही, ताई. मी असं का बोललो?"

नाटक करत असेल तर पोरगा फार वरचा नट आहे, असं मी मनाशी म्हटलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पण माझा संशय काही गेला नाही, नुसता दुसरीकडे सरकला. धर्मेंद्रभाऊंना नेटवर बघणाऱ्यांचा आकडा वाढवायची हौस. काहीतरी भुताटकीचं करून गाजवायचं असेल.

"भाऊ, खरं सांगा. ती आठवी पोरगी तुमचं काम ना?"

"कोनती पोरगी?"

मी तुकडा लावला, बोट ठेवून दाखवला. ते वाकून बघत राहिले. आधी हसले, मग हसू आपोआप मावळलं.

"ताई, तुन्हं डोकं ठिकाणावर शे ना? हाई कोपरावालीच शे. दोनदा दिखी ऱ्हायनी." आणि घाईघाईने उतरून गेले. त्या दिवशी नंतर ते टेम्पोत चढलेच नाहीत, कानातूनच बोलत राहिले.

मला एक खात्री करायची होती. पुढच्या सामन्यात मी जोएलची वायर यंत्रातून उपटली. फक्त कुंदनचं चित्र घेतलं. कुंदन पश्चिमेला, जोएलच्या बरोबर समोर, मध्ये सगळं मैदान. जोएलच्या बाजूने ती पाठमोरी दिसते, म्हणजे तिचं तोंड कुंदनकडे असणार. एवढं साधं गणित. तिचं तोंड एकदा बघायचं आणि दोषी माणसाच्या पुढ्यात चित्र आपटायचं.

चढाई झाली. मी भरण लावलं आणि हळू केलं.

डाव्या कोपऱ्यात ती होती. कुंदनकडेही तिची पाठ होती.

मी तो तुकडा चार वेळा बघितला. मग जोएलची वायर परत लावली आणि जोएलचा तुकडा बघितला. पाठ. एकच मुलगी, एकच क्षण, समोरासमोरचे दोन कॅमेरे, आणि दोघांकडेही पाठ. मला थंडी वाजली. भर दुपारी, पत्र्याच्या टेम्पोत.

त्यानंतर मी एकच गोष्ट ठरवली. अंतिम सामन्यात भरण बंद. शोभेलाही नाही, कशालाच नाही. त्या आठव्या मुलीला माझ्या पडद्यावर जागा नाही. कुणाला सांगावं तरी काय? सांगितलं तर सामना थांबला असता, आणि रविनाचा तो एकच सामना होता.

अंतिम सामना चारला सुरू झाला. मोलगी पिवळ्या जर्सीत, समोर शहाद्याकडच्या मुली निळ्या जर्सीत. तिसरे पंच करणसिंग सर माझ्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. खेळाचे शिक्षक, साठीला आलेले, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं.

"चित्र धक्के खातंय, मॅडम," ते म्हणाले.

"खाऊ द्या, सर. खरं आहे ते."

धर्मेंद्रभाऊंची कानात कटकट चालू होती. मी बधले नाही. आणि रविना काय खेळली म्हणता! मॅटवर नुसती वीज. मध्यंतराला मोलगी चार गुणांनी मागे होती, तिने एकटीने ओढून आणली. शेवटच्या चढाईला गुण अठ्ठावीस-अठ्ठावीस. निळ्या सातही जणी मॅटवर. चढाईला रविना. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, या वेळी हात लागला नाही तर गुण समोरच्यांचा.

मी श्वास धरून बघत होते. ती आत गेली, उजवीकडे हूल दिली, आणि मग एकदम डाव्या कोपऱ्याकडे झेपावली. कोपऱ्यातली मुलगी तिच्या हाताशी होती. तिला सहज हात लागला असता. पण रविनाचा हात तिच्या पलीकडे गेला, रिकाम्या मॅटवर. आणि ती परत फिरून मध्यरेषेवर आडवी पडली.

मला कळलं ती कुणाला हात लावायला गेली होती ते. तुकडा तिला मीच दाखवला होता.

मॅटवरच्या पंचाने गुण दिला. गॅलऱ्या उठून उभ्या राहिल्या, ढोल सुरू झाले. निळ्या संघाच्या कर्णधाराने दोन्ही हातांनी चौकोन केला. तिसऱ्या पंचाकडे दाद.

"दाखवा," करणसिंग सर म्हणाले.

मी जोएलचं चित्र लावलं. भरण बंद. एका चित्रात रविनाची बोटं कोपऱ्यातल्या मुलीपासून वीतभर लांब. पुढच्या चित्रात हात मागे फिरलेला. मी कुंदनचं लावलं. तेच.

"लागला नाही वाटतं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "नाहीच लागला. गुण मागे घ्यावा लागेल."

टेम्पोच्या दारातून मला मॅट दिसत होती. रविना गुडघ्यावर बसून मोठ्या पडद्याकडे बघत होती. तळवे मांडीवर उघडे ठेवलेले.

मी दोन दिवस सगळ्यांवर संशय घेत होते. जोएलवर, भाऊंवर, इंदूरच्या कुण्या अनोळखी मालकावर. फसवणूक कोण करतंय ते मला शोधायचं होतं. आणि आता माझंच बोट त्या बटणावर गेलं.

"सर, थांबा," मी म्हटलं. "अजून एकदा बघा. नीट हळू करून."

भरण चालू.

रविनाचा हात पुढे आला, लोण्यासारखा. एकही धक्का नाही.

डाव्या कोपऱ्यात ती होतीच. निळी जर्सी. पाठ.

पण या वेळी तिचा हात हलला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. तिने तो न वळता मागे केला, वर उचलला.

रविनाची बोटं तिच्या बोटांत गेली.

तिने ती धरली. तीन चित्रं. मग सोडली.

"हां!" करणसिंग सर पुढे झुकले. "हे काय, स्पष्ट लागलाय की! हाताला हात. मघाशी कसं दिसलं नाही?"

"मघाशी चित्र धक्के खात होतं, सर," मी म्हटलं.

"चला. त्यांची एक बाद, हिची एक आत," ते सवयीने पुटपुटले, आणि गुण कायम असल्याचं माइकवर सांगितलं.

मैदानात मग जे काही झालं ते मी ऐकलं फक्त. रविनाला खांद्यावर घेऊन नाचवलं. ढोलाने पत्रा थरथरत होता. बक्षीस समारंभात त्या मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं नाव वाचलं. उद्या सकाळी त्यांच्याच गाडीने जायचं. मला रडू आलं. खोटं का बोलू, आनंदच झाला होता. आणि बारा वर्षांची शिस्त मी घालवली होती. पण एका पोरीचे हात वाचले, असं मी स्वतःला सांगत होते.

समारंभाचा एक तुकडा मी हळू करून बघितला, भरण लावून. एकेक डोकं मोजलं. कुणी जास्त नव्हतं. सुटले बाई, म्हटलं, आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.

साडेपाचच्या सुमारास रविना आणि तिची आई आल्या. रूपलीबाई बारीक चणीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पदर. एक हात लेकीच्या खांद्यावर, जणू कुणी तिला गर्दीत ओढून नेईल. घरी त्या पावरी बोलायच्या, माझ्याशी मोडकं मराठी.

"बाई, देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या. "पोरीचा शेवटचा डाव मी नाही पाहिला. माणसं उभी राहिली पुढे. दाखव ना."

"कशाला आई," रविना म्हणाली. "झालं ते झालं. चल."

मी तिच्याकडे बघितलं. काल याच दारात "लावा ना, हळू लावा" म्हणून बोरांची लाच देणारी पोरगी ती हीच. आज ती पडद्याकडे बघतही नव्हती. दमली असेल, म्हटलं. गळ्यात पदक, चेहरा शांत, अंगावर धुळीचा कण नाही.

"या ना मावशी, बसा," मी म्हणाले, आणि तुकडा लावला.

नेहमीच्या वेगाने सगळं चार सेकंदांत संपलं. रूपलीबाईंनी मान हलवली. "लवकर गेलं. कळलं नाही."

"आई, चल ना," रविना म्हणाली.

"हळू लाव, बाई."

मी भरण दाबलं. आता निवाडा नव्हता, एका आईची हौस होती.

पिवळी जर्सी आत आली. हात पुढे गेला. डाव्या कोपऱ्यातल्या पाठमोऱ्या मुलीने हात मागे केला, बोटं धरली, सोडली. पिवळी मुलगी परत फिरली, मध्यरेषेकडे निघाली. कोपऱ्यातली निळी मुलगी तिथेच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

रूपलीबाई पुढे झाल्या. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. निळ्या जर्सीच्या पाठीवर.

"ही रविना," त्या म्हणाल्या.

मी हसले. "नाही मावशी, ती त्यांची. आपली रविना ही बघा, पिवळी. रेषेकडे पळतेय ती."

त्यांनी माझ्या बोटामागे बघितलं. पिवळ्या मुलीकडे बराच वेळ बघितलं. मग मान हलवली आणि बोट परत तिथेच नेलं, डाव्या कोपऱ्यात.

"लेकरू पाठीवरून ओळखत नाही का मी?"

मी चित्र थांबवलं. माझ्या मागे उभी असलेली मुलगी दाराकडे वळली.

रूपलीबाईंचा एक हात अजून तिच्या खांद्यावर होता. पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी तो हळूच काढून घेतला, आणि पदराला पुसला.